बिडाचा तवा की नॉनस्टिक?

मैत्रीण पहिल्यांदाच एकटी राहणार. तवा एकच घ्यायचाय, कुठला ते ठरेना.

टिकण्यात बीड कितीतरी पुढे. गंज चढला तरी घासून, तेल लावून तापवलं की पुन्हा कामाला तयार. नॉनस्टिकचा थर काही वर्षांत झिजतो, आणि साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर खराब होऊ लागतो. म्हणजे रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून फोनवर गप्पा बंद. (हे तिला जमणं कठीण.)

मेहनत मात्र बिडालाच जास्त: जड, तापायला वेळ, धुतल्यावर लगेच पुसा. आंबट काही त्यात शिजत ठेवलं तर लोखंडी चव उतरते.

खरपूसपणाचा हट्ट असेल, तर बीड. सकाळी घाईत थेंबभर तेलात अंडं करून पळायचं असेल, तर नॉनस्टिक.