इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमर: ट्रॉलीला चांगला, घाईला वाईट

उद्यमनगरात रंगाच्या दुकानात हा प्रायमर, म्हणजे लोखंडावर रंगाआधी मारायचा गंजरोधक थर, जोडीने मिळतो, मोठ्या डब्यात बेस आणि छोट्यात हार्डनर. रेड ऑक्साइडपेक्षा बराच महाग. उसाची ट्रॉली, शेडचे ट्रस, टाकीचा स्टँड यांसाठी माल चोख आहे, उसाचा आंबूस रसही सोसतो. पाचपैकी चार. कापलेला एक गुण उन्हासाठी: इपॉक्सी उन्हात पांढरट पडून हाताला भुकटी लागते, त्यामुळे वर पीयूचा (पॉलीयुरेथेन रंगाचा) हात लागतोच. तो खर्च आधीच धरा.

पोपडे सुटल्याच्या तक्रारी बहुधा डब्यातल्या मालाच्या नसतात. ट्रॉलीच्या तळाला रस, चिखल आणि ग्रीसचा थर असतो. न धुता ग्राइंडर लावला की ग्रीस पुसलं न जाता पत्राभर पसरतं. आधी गरम पाणी आणि डिटर्जंट, मग ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने खडीचा मारा. वायर ब्रशच्या चाकाने पत्रा चकचकीत होतो, पण गुळगुळीत झालेल्या लोखंडाला रंग धरत नाही, खरखरीतपणा हवा. ब्लास्टिंगनंतर चार तासांत पहिला हात पडलाच पाहिजे. आणि जुन्या रेड ऑक्साइडवर हा मारू नका. याचा थिनर खालचा रंग उचलतो, वर सुरकुत्या येतात.

मिसळण्याचं प्रमाण डब्यावर छापलेलं असतं, ते मापानेच घ्या. हार्डनर कमी पडला तर थर मऊ राहतो. तो जास्त घातल्याने लवकर सुकतो हा गैरसमज आहे, उलट थर बिघडतो. मिसळून १५-२० मिनिटं ठेवा. पुढे वेळेचा हिशेब: तापमान १० अंश वाढलं की मिसळलेला माल वापरायचा वेळ साधारण निम्मा होतो. मे महिन्यात दुपारी मोठा घाणा कालवू नका. घट्ट होऊ लागलेला माल थिनरने पातळ करून मारला तर दिसायला ठीक, चिकटायला नाही. काउंटरवर कधीकधी सुटा एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर हातात ठेवतात. तो परत करा, इपॉक्सीचाच मागा.

माल किती लागेल? घनभाग, म्हणजे सुकल्यावर उरणारा भाग, आकारमानाने ५० टक्के असेल, तर १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ओला थर सुकून ५० होतो आणि लिटरला १० चौरस मीटर जातात. ४० चौरस मीटरला दोन हात म्हणजे कागदावर ८ लिटर. स्प्रेत ३० टक्के वाया धरले तर साडेअकरा. १० टक्के थिनर घातलात तर त्याच ओल्या थरातून जेमतेम ४५ मायक्रॉन उरतात. वेल्डिंगच्या रेषा आणि अँगलच्या कडांवर आधी ब्रशने एक जादा हात द्या. कडेवरून रंग मागे सरकतो, गंजही तिथूनच शिरतो.

आपल्याकडची खरी अडचण पावसाळ्याची. ट्रॉल्या हंगाम संपल्यावरच मोकळ्या होतात आणि रंगकाम जुलै-ऑगस्टवर जातं. हवा २४ अंश, आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला पत्र्यावर दव धरतं ते, २२ च्या आसपास असतो. पत्रा त्यापेक्षा किमान ३ अंश गरम हवा, म्हणजे २५ च्या वर. शेडमध्ये तो तेवढा नसतो, आणि ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असताना डबा उघडूच नये. तरीही मारलाच आणि सुकल्यावर वर तेलकट साय आली, तर कोमट पाण्याने धुवा, हलका पॉलिश पेपर फिरवा आणि मगच पीयू मारा.