हार्ड ॲनोडाइज्ड कढई: तळ शाबूत, रिव्हेटपाशी खड्डे

कढई भराभर तापते, पोहे खाली लागत नाहीत, हे सगळ्यांनी लिहून झालंय. मी रिव्हेटबद्दल, म्हणजे दांडा कढईला जोडणाऱ्या खिळ्यांबद्दल लिहिणार आहे. वर्ष व्हायच्या आत दांड्याच्या दोन्ही रिव्हेटभोवती आतून पांढरी भुकटी धरायला लागली. घासली की खाली बारीक खड्डे.

सर्व्हिस सेंटरवाल्याने नुसती बघितली आणि "तुम्ही आंबट शिजवता, वॉरंटीत बसत नाही" म्हणून परत केली. आमच्याकडे चिंचगुळाची आमटी, कोकमाचं सार, टोमॅटोची भाजी यांतलं एक तरी रोज असतं. मराठी घरात खपवायची कढई आंबट सोसत नसेल, तर खोक्यावर तसं ठळक छापा ना!

रागाच्या भरात ॲनोडायझिंगच, म्हणजे कढईच्या ॲल्युमिनियमवर चढवलेला ऑक्साइडचा थरच, थातुरमातुर आहे असं ठरवलं होतं. आता तसं वाटत नाही. आमटी जिथे रोज उकळते तो तळ अजून गुळगुळीत आहे. साध्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा. चिंचेतलं टार्टारिक किंवा टोमॅटोतलं सायट्रिक आम्ल तो विरघळवतं आणि धातू उघडा पडतो. हार्ड ॲनोडायझिंगमध्ये थंड सल्फ्युरिक आम्लात वीज सोडून तोच थर साधारण 25 ते 50 मायक्रॉनपर्यंत वाढवतात, म्हणजे हजारो पट जाड. तो टिकलाय.

घोळ रिव्हेटसाठी पाडलेल्या भोकांचा आहे. कडा बघता ती ॲनोडायझिंगनंतर पाडलेली दिसतात, म्हणजे तिथे कोरा धातू. त्यात रिव्हेट स्टीलचे. दोन वेगळे धातू आणि मध्ये मीठ घातलेला आंबट रस, की विजेचा घटच तयार होतो आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. मिठातलं क्लोराइड खड्डे आणखी खोल करतं. एवढे पैसे मोजून घेतलेली वस्तू दोन रिव्हेटपायी खराब व्हावी, याचा संताप येतो.

जाता जाता: साध्या ॲल्युमिनियमच्या कुकरच्या तळाशी लिंबाची साल टाकतात, तो उजळतो कारण आम्ल काळा थर खातं. धुण्याचा सोडाही लावू नका, ॲल्युमिनियमला अल्कलीही खाते.

आमटी-सार आता स्टीलच्या पातेल्यात, कढई पोहे आणि परतायच्या भाज्यांना. नवीन घेणार असाल तर आतल्या बाजूला रिव्हेट नसलेलीच बघा. पाचपैकी तीन तारे. दोन रिव्हेटचे कापले.