पडवीतला १२ वॉटचा गोल एलईडी दिवा: १४ महिन्यांनंतर

२५,००० तास, दोन वर्षांची वॉरंटी, हे सगळं खोक्यावर आहेच. आमचं घर देवगडजवळ. एकाच बिलावर दोन घेतले, एक माजघरात, एक पडवीत. पडवीतला रात्रंदिवस चालू, कारण त्याचं बटण खाऱ्या हवेनं गंजून बसलंय. महिन्याला साडेआठ युनिटं जातात, पण बोर्ड बदलायचा खर्च वाचतो, असा माझा हिशेब.

मिरगाच्या पहिल्या पावसात लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. माजघरातला लागला. पडवीतला चार-पाच वेळा टुकटुकला नि बसला. लाईट येताना दाब वाढला असणार, असं म्हणून मी मोकळा झालो. दुकानदारही तेच म्हणाला, वर 'सर्ज वॉरंटीत बसत नाही'. इथं डोकं फिरलं. न्यूट्रल (परतीची वायर) तुटून घरात ४०० व्होल्ट शिरले असते तर माजघरातल्याला काय सूट होती?

दिवा उतरवून पत्र्यावर टाकला होता. चार दिवसांनी उघडीप मिळाली, उन्हात चांगला तापला. सहज वायर जोडली तर लख्ख! संध्याकाळी गार झाल्यावर पुन्हा टुकटुक.

वायरमनने झाकण उघडलं. ड्रायव्हरवरच्या, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज करून देणाऱ्या सर्किटवरच्या, कंडेन्सरचं (वीज साठवणाऱ्या डबीचं) डोकं टम्म फुगलेलं. "काका, हो आदीच मेललो. तुमका आता कळला." आतलं द्रावण उष्णतेनं सुकत जातं. दिवा चालू असेपर्यंत स्वतःच्याच उबेवर तग धरतो. एकदा थंड पडला की कंडेन्सरचा अंतर्गत रोध वाढतो आणि ड्रायव्हरला सुरू होण्यापुरता जोर मिळत नाही. म्हणजे लाईट जाण्यानं दिवा मेला नाही, मेलेला उघडा पडला. लाईटवाल्यांना घातलेल्या शिव्या फुकट गेल्या. (बंद ड्रायव्हरलाही बोट लावू नका. ३०० व्होल्टच्या वर साठा असतो, माझा खांद्यापर्यंत हात झणझणला.)

आता खोक्याबद्दल. रोज पाच तासांच्या हिशेबानं २५,००० तास म्हणजे साडेतेरा वर्षं. चोवीस तास लावला तर तीन वर्षंही नाहीत. माझा १०,००० तासांतच गेला. वरून बंद डबा, उष्णता जाणार कुठं? असला कंडेन्सर दहा अंश कमी तापला तरी साधारण दुप्पट टिकतो.

१०५ अंशांपर्यंत तापणं सोसणारा नवा कंडेन्सर २० रुपयांत बसला, दिवा चालू आहे. शेवटी बटणही बदललं, आता दिवसा बंद असतो. फक्त सील फोडल्यामुळे वॉरंटीचे उरलेले दहा महिने गेले. बिल अजून जपून ठेवलंय, माजघरातल्यासाठी.