छोट्या प्रकाशनासोबत वर्षभर: संपादनाला पैकीच्या पैकी, वितरणाला काठावर पास

आधी निकाल सांगते, मग तपशील. नव्या लेखक-चित्रकारांच्या भयकथा, विज्ञानकथा आणि कॉमिक छापणाऱ्या एका छोट्या प्रकाशनाकडून आमचं पहिलं कॉमिक निघालं. संहिता माझी, चित्रं मित्राची. हस्तलिखित पाठवल्यापासून पहिला हिशोब हातात पडेपर्यंत वर्ष उलटलं. प्रकाशनाचं नाव मुद्दामच देत नाही. खाली तक्रारी आहेत, आणि माणसं मनापासून काम करणारी आहेत. पण 'आम्हीही पाठवू का?' असं विचारणारे बरेच भेटतात, त्यांना माझं एकच सांगणं असतं: संपादकासाठी जा, खपासाठी जाऊ नका.

पाठवण्याची पद्धत सरळ होती. पूर्ण संहिता, शाई होऊन तयार असलेली काही पानं आणि उरलेल्या पानांची कच्ची रेखाटनं. वर्षभर दार उघडं नसतं, ठरावीक काळातच हस्तलिखितं घेतात. पूर्वी मला हा आखडूपणा वाटायचा. पण फेब्रुवारी 2023 मध्ये क्लार्क्सवर्ल्डसारख्या नावाजलेल्या विज्ञानकथा मासिकाला यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे साहित्य स्वीकारणंच काही काळ बंद करावं लागलं होतं. दोन-तीन माणसांच्या प्रकाशनाने मग काय करावं? कॉमिकवाल्यांकडून पेन्सिलची कच्ची पानं मागण्यामागे तेही एक कारण असावं. उत्तर यायला वेळ लागला, पण आलं. ओळखीतल्या एकाला नकार आला, त्यातही 'तिसऱ्या प्रकरणापर्यंत धोका नेमका कुणाला आहे ते कळत नाही' असं कामाचं वाक्य होतं. मोठ्या ठिकाणांहून तर नकारही येत नाही.

आणि पैसे मागितले नाहीत. हे वेगळं सांगावं लागतं, कारण 'नव्यांना संधी' असं म्हणत छपाईचा खर्च लेखकाकडूनच काढणारे कमी नाहीत. पैसा लेखकाकडे यायला हवा, लेखकाकडून जायला नको. कसोटी म्हणून एवढी पुरते.

आता ज्यासाठी मी या लोकांना पैकीच्या पैकी गुण देते ते संपादन.

आमच्या गोष्टीत एक मुलगी तळघरात उतरते आणि खालचं दार उघडतं. दारामागे जे आहे ते वाचकाला दचकवायला हवं. संहितेत हे दार पान 17 वर उघडत होतं. संपादकाने पहिल्याच बैठकीत बोट ठेवलं: 17 उजव्या हाताचं पान आहे. वाचक पान 16 उघडतो तेव्हाच 17 त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात असतं, मग दचकणार कुठून? दार 18 वर न्या, पान उलटल्यावर ते दिसू दे. म्हणजे मधे एक पान वाढवायचं. मला वाटलं, दोन संवाद जास्त घालून भरता येईल. ते म्हणाले, एकही शब्द नको. नऊ सारख्या चौकटी, फक्त पायऱ्या, आणि चौकटीगणिक तिच्या हातातल्या दिव्याचा उजेड थोडा थोडा कमी. मित्र कुरकुरला, नऊ चौकटींत तेच ते काढायचं म्हणजे हात मोडतो. पण पुस्तक निघाल्यावर वाचकांनी सगळ्यात जास्त त्याच पानाबद्दल लिहिलं. दाराबद्दल नाही, पायऱ्यांबद्दल.

दुसरा बदल दिसायला किरकोळ होता. एका चौकटीत प्रश्न विचारणारी आजी उजवीकडे आणि उत्तर देणारी नात डावीकडे उभी होती. आपण डावीकडून वाचतो, त्यामुळे आधी उत्तर वाचायचं आणि मग प्रश्न. संवादाचे फुगे वरखाली करून मार्ग निघाला असता, पण फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदत होत्या. संपादकाने पेन्सिलच्या टप्प्यावरच दोघींच्या जागा बदलून घेतल्या. हेच शाई झाल्यावर सुचवलं असतं तर अख्खं पान नव्याने काढावं लागलं असतं. फुग्यांतला मजकूरही बराच उडवला. चेहऱ्यावर भीती दिसत असताना 'मला भीती वाटतेय' कशाला? संहिता लिहिताना चित्र समोर नसतं, म्हणून लेखक शब्दांनी सगळं भरून काढतो. तो जास्तीचा मजकूर काढायला तिसरा माणूस लागतो.

यांच्या भयकथासंग्रहात माझी एक कथाही आहे. तिथेही हाच अनुभव. 'भूत उंबरा ओलांडू शकत नाही असं तुम्ही सुरुवातीला ठरवलंत, मग शेवटी ते घरात कसं शिरलं?' हा प्रश्न भूत-बीत बाजूला ठेवून 'मानवी मन' शोधणारा संपादक विचारत नाही. इथे अशा गोष्टी आवडीने वाचणारी माणसं बसली आहेत. अद्भुताचे नियम ते लेखकाइतकेच गंभीरपणे घेतात. 'हे रूपक आहे का हो?' असं कुणी विचारलं नाही, याचा मला झालेला आनंद शब्दांत मावणार नाही.

छपाई चांगली, पण त्यासाठी मित्राला बरंच शिकावं लागलं. पडद्यावर तळघराचा काळोख निळसर चमकत होता. छपाईच्या चार रंगांत ती चमक येत नाही, आणि न चकाकणारा कागद शाई पितो, ठिपके पसरतात, अंधारातले बारकावे बुजतात. प्रकाशनाने आधी एकच फॉर्मा, म्हणजे एकत्र छापली जाणारी सोळा पानं, त्याच कागदावर छापून दाखवला. तो पाहून सगळी काळोखी पानं उजळ करून घेतली. अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवायला लावली, कारण चार शायांचा काळा वापरला आणि छपाई केसभर जरी सरकली तरी अक्षरांना रंगीत सावल्या येतात. रंगाला 300 डीपीआय (इंचामागे ठिपके) चालतं, नुसत्या काळ्या रेषेला 600 किंवा जास्तच हवं, कडेला 3 मिमी चित्र जास्तीचं काढा, अशा सूचना दोन पानांत लिहून दिल्या होत्या. गोष्ट सोळा पानांच्या चार फॉर्म्यांत, म्हणजे 64 पानांत बसवायची होती. पायऱ्यांचं पान वाढलं तसं पुस्तकाच्या शेवटी ठेवलेल्या रेखाटनांमधलं एक पान गेलं.

करार वाचायला मात्र बसाच. सुपरमॅनचे निर्माते सिगल आणि शुस्टर यांना 1938 मध्ये सुपरमॅनच्या पहिल्या 13 पानांचे 130 डॉलर मिळाले आणि त्यातच पात्राचे सगळे हक्क गेले. वर्षाला 20,000 डॉलरचं निवृत्तिवेतन पदरात पडायला 1975 उजाडलं. 1992 मध्ये सात नामांकित चित्रकारांनी इमेज कॉमिक्स काढलं ते पात्रांची मालकी निर्मात्याकडे राहावी म्हणूनच. आमच्या करारात स्वामित्वहक्क आम्हा दोघांच्या नावावर आहे. प्रकाशनाकडे ठरावीक वर्षांसाठी एका भाषेतले छापील आणि डिजिटल हक्क. अनुवाद आणि चित्रपट आमच्याकडे. अडलं ते एका कलमावर: पुस्तक 'अनुपलब्ध' झालं की हक्क परत. पण ई-पुस्तक कुठेतरी टांगलेलं असेल तर ते कधीच अनुपलब्ध होत नाही! आम्ही म्हटलं, वर्षाला अमुक इतक्या प्रतींच्या खाली खप गेला तर हक्क परत, असं लिहा. त्यांनी काही कटकट न करता लिहिलं. आगाऊ मानधन त्यांनी चित्रकाराला दिलं, मला नाही, आणि ते मला पटतं. मी एका दुपारी लिहिलेलं पान काढायला त्याचे काही दिवस जातात.

आता तक्रारी. वितरण जेमतेम. हे फक्त यांचंच दुखणं नाही. अमेरिकेत 1969 पासून चालू असलेली, छोट्या प्रकाशनांची पुस्तकं वितरित करणारी स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्यूशन ही संस्था मार्च 2024 मध्ये अचानक बंद पडली आणि शेकडो छोटी प्रकाशनं उघड्यावर आली. पाठोपाठ जानेवारी 2025 मध्ये डायमंड या कॉमिकच्या बड्या वितरकाने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि प्रकाशकांनी विक्रीसाठी ठेवायला दिलेला माल नेमका कुणाचा यावरून कोर्टात भांडण लागलं. छोट्या प्रकाशनाचा जीव इथेच अडकलेला असतो: माल दुकानात, पैसे हवेत.

आमच्या प्रती दुकानांत गेल्या, त्यातल्या बऱ्याचशा कोपरे दुमडून परत आल्या. एका दुकानात तर आमचं पुस्तक बालविभागात सापडलं. मुखपृष्ठावर तळघरातून वर येणारा हात, आणि शेजारी प्राण्यांची चित्रपुस्तकं! कॉमिक म्हणजे मुलांचं, हा हिशोब दुकानदाराच्या डोक्यात पक्का असतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण मलपृष्ठावर वयोगट आणि 'भयकथा' एवढं ठळक छापायला हवं होतं, ते प्रकाशनाला सुचलं नाही. दुसऱ्या छपाईत आलं. खरी विक्री झाली ती मेळाव्यांत, टेबलामागे आम्ही स्वतः उभे राहिलो तेव्हा. लोक पायऱ्यांच्या पानापर्यंत चाळतात आणि घेतात.

डिजिटल आवृत्तीबद्दल फार बोलत नाही. सरळ पीडीएफ चढवली आहे. फोनवर फुगे वाचायला डोळे ताणावे लागतात. कॉमिक्सोलॉजी या डिजिटल कॉमिकच्या दुकानाने एकेक चौकट मोठी करून दाखवण्याची सोय किती वर्षांपूर्वी आणली होती. यांच्याकडे तसलं काही नाही. खाली सरकवत वाचायची आवृत्ती काढू म्हणाले होते, पण तिच्यात पान उलटणंच नाही, मग दाराचं काय करणार?

हिशोब सहामाही. पहिला उशिरा आला, तोही आठवण करून दिल्यावर. 'परताव्यापोटी राखीव' म्हणून एक रक्कम कापलेली होती. असं कापण्याची रीत आहे, दुकानातून प्रती परत येतात तेव्हा त्या वजा कराव्या लागतात. पण ती किती काळ राखून ठेवणार हे करारात नव्हतं आणि पत्रातही नव्हतं. विचारल्यावर नीट उत्तर मिळालं. प्रकाशनाची तारीखही पुढे गेली होती, कारण जो संपादक फुग्यांच्या शेपट्या तपासतो तोच पार्सलं बांधतो आणि तोच हिशोबाला बसतो.

ज्याची गोष्ट तयार आहे, पण अजून कुणी तिला हात लावून 'इथे ढिली पडते' असं सांगितलेलं नाही, त्याने इथे जरूर पाठवावं. ज्याचा स्वतःचा वाचकवर्ग जमलेला आहे आणि ज्याला फक्त छापणारा हवा आहे, त्याला इथे वाट पाहण्याचा वैताग येईल; त्याने वाचकांकडून आगाऊ मागणी नोंदवून घेऊन स्वतःच छापलेलं बरं.

आम्ही दुसरा भाग यांच्याकडेच दिला आहे. या वेळी हिशोबाची तारीख आणि राखीव रकमेची मुदत करारात लिहून घेतली, मेळाव्यांसाठी सवलतीत मिळणाऱ्या प्रतींची संख्या वाढवून घेतली आणि डिजिटल हक्क स्वतःकडे ठेवले. संहितेची पहिली वीस पानं परत आली आहेत. समासात पेन्सिलीने भरलेली आहेत, आणि पान 9 वर नुसतं लिहिलंय: 'उजवीकडे?'