निवडणुकीत बंदूक जमा करण्याची सोय : लष्कर, ग्वाल्हेर

आचारसंहिता लागली की प्रशासनाच्या आदेशानुसार परवान्याचं हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावं लागतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या शस्त्रदुकानांची ही सोय एकंदरीत बरी. भाडं मात्र आधी ठरवून घ्या.

पावतीवर हत्याराचा नंबर, बोअर (नळीचं माप) आणि काडतुसांची संख्या परवान्याशी ताडून पाहा. एक आकडा चुकला तरी परत घेताना खेटे पडतात. बारा बोअरची दुनाळी देण्यापूर्वी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा, आतून कोरड्या फडक्यानं पुसा, तेलाचा पातळ हात द्या. चामडी खोळीत ठेवू देऊ नका: चामडं ओल धरतं, पावसाळ्यात नळीला गंज चढतो. दुकानदार सहसा हे सांगत नाहीत, तिथेच गुण कापले.

आता मुद्द्याचं. यानं माणसं मरायची थांबतात का? वरातीतल्या गोळीबाराला आणि दारूच्या नशेतल्या भांडणाला नक्कीच आळा बसतो. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं अशा हर्षफायरिंगला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवलंय; माणशी हत्यारांची मर्यादाही तीनवरून दोनवर आणली. पण चंबळच्या पट्ट्यातला गावठी कट्टा कुठल्या रजिस्टरात असतो? तो जमा करायला कोणी रांगेत उभं राहत नाही. ऑस्ट्रेलियानं १९९६ नंतर सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या, त्या बहुतांशी तोवर कायदेशीर असलेल्या होत्या. इथं कारखानाच झोपडीत.

परत घेताना मूळ पावती आणि परवाना, दोन्ही न्या.