प्लेटवर ४०० अँपिअर, आत भलतंच मशीन: पाइपलाइनसाठी वेल्डिंग मशीन घेणाऱ्यांनी वाचावं

आम्ही पाइपलाइन वेल्डिंगची सब-काँट्रॅक्टची कामं घेतो. विदर्भात गॅसलाइनचा एक तुकडा मिळाला. पाइप एपीआय ५एल, ग्रेड एक्स-७०, म्हणजे लाइनपाइपचं जास्त ताकदीचं पोलाद. त्यासाठी डीसी इन्व्हर्टर मशीनं एका डीलरकडून घेतली आणि त्याने आम्हाला चक्क गंडवलं. प्रकरण वकिलाकडे आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण तोच माल आणखी कुणाच्या गळ्यात पडू नये, म्हणून सगळं सांगतो.

डेमो झकास दिला. पाइपच्या तुकड्यावर ई-६०१०चा रॉड, वरून खाली रूट पास (जॉइंटचा सगळ्यात आतला, पहिला थर), आर्क एकदाही तुटला नाही. साइटवर उतरलेली मशीनं दिसायला तंतोतंत तशीच होती. तोच रंग, तीच माहितीची प्लेट: ४०० अँपिअर, ६० टक्के ड्यूटी सायकल.

पहिल्याच जॉइंटला आमचे जुने वेल्डर काका म्हणाले, ''शेठ, हिच्यात दम नाही. मीटर १२० दाखवतंय, पण कीहोल उघडत नाही.'' कीहोल म्हणजे आर्कपुढे वितळून उघडणारं भोक, ते उघडलं तरच रूट आत उतरतो. करंट वाढवला तर डिस्प्लेवरचा आकडा डब्ल्यूपीएसच्या (वेल्डिंगची ठरवून दिलेली पद्धत लिहिलेला कागद) मर्यादेबाहेर जातो आणि इन्स्पेक्टर काम थांबवतो. मर्यादेत ठेवला तर रूट आत उतरत नाही. एक्स-रे फिल्म यायला लागल्या आणि जॉइंटमागून जॉइंट लॅक ऑफ पेनिट्रेशनमध्ये (रूट पूर्ण आत न उतरणं) फेल. रिपेअर, कट-आउट, पुन्हा बेव्हल (कडा तिरप्या करणं), पुन्हा फिट-अप (पाइप जुळवून बसवणं).

डीलरची उत्तरं ठरलेली. केबल लांब आहे, अर्थिंग ढिलं आहे, जनरेटरचं व्होल्टेज पडतंय, आणि शेवटी तुमचा वेल्डरच कच्चा आहे. हे शेवटचं मला फार लागलं. ज्या माणसाच्या हाताखाली आमची निम्मी टीम तयार झाली, त्याच्यावर खापर फोडायला याची जीभ रेटली.

केबल बदलली, क्लॅम्प बदलले, काही फरक नाही. मग डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. डिस्प्लेवर १२०, केबलमध्ये ९४. म्हणजे मीटरच फुगवून दाखवायला बसवलेला. कव्हर उघडलं, तर नव्या रंगाखाली जुना रंग, हीट सिंकवर काळी घट्ट धूळ, आणि मूळ प्लेटच्या रिव्हेटची भोकं पुट्टीने बुजवलेली. कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं शेजारी शेजारी ठेवली, तर सगळ्या मशीनचे आकडे दशांशापर्यंत एकसारखे.

एक्स-७० मध्ये ही चोरी जीवावर बेतू शकते, हे नीट समजून घ्या. या पोलादाचा किमान यील्ड, म्हणजे कायमचं वाकायला लागायचा ताण, ४८५ मेगापास्कल. ताकद जितकी जास्त, तितकी हायड्रोजनने तडकायची भीती जास्त, आणि ई-६०१० सारखा सेल्युलोजिक रॉड भरपूर हायड्रोजन सोडतो. म्हणूनच रूट गार व्हायच्या आत, चटकन, हॉट पास (रूटवरचा दुसरा थर) चढवायचा असतो. आमची मशीनं उन्हात तापून नेमकी तेव्हाच ट्रिप व्हायची. जॉइंट गार पडतो, हायड्रोजन आत अडकतो, आणि तडा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही येतो. शिवाय करंटचा आकडाच खोटा असेल तर रजिस्टरमधली हीट इनपुटही (जॉइंटला किती उष्णता दिली तो हिशेब) खोटी. याच लाइनवरून पुढे गॅस जाणार असतो, शेजारी लोकांची शेतं आणि घरं असतात.

तेव्हा घेताना डेमोच्या मशीनवर जाऊ नका. जे मशीन गाडीत चढणार, तेच चालवून बघा, आणि सपाट लोखंडी पत्र्यावर नको, आडव्या पक्क्या बांधलेल्या पाइपवर. ६०१० ला आर्क जरा लांब ओढून बघा. लगेच विझला तर ते मशीन रूटच्या कामाचं नाही. क्लॅम्प मीटर स्वतःचा न्या आणि तो डीसी मोजतो का ते आधी तपासा, कारण स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात. ६० टक्के ड्यूटी सायकल म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं पूर्ण लोड, तेही साधारणपणे ४० अंश तापमान धरून. विदर्भातला मे महिना त्या हिशेबात बसत नाही, म्हणून लोड बँकवर (मशीनवर ठरावीक लोड टाकणारं यंत्र) चाचणी मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर उठून या. सर्टिफिकेटवरच्या सिरियल नंबरची खात्री ते देणाऱ्या लॅबला फोन करून घ्या.

बिलावर प्रत्येक मशीनचा सिरियल नंबर हवाच. आमच्या बिलावर 'नंबर सोबतच्या जोडपत्रात' असं लिहिलं होतं, आणि ते जोडपत्र 'उद्या पाठवतो' म्हणत कधीच पाठवलं नाही. धंद्यासाठी घेतलेला माल म्हटल्यावर ग्राहक आयोगात सहसा दाद लागत नाही. आम्ही १९३० च्या माल विक्री कायद्याखाली नोटीस दिली, कारण दाखवलं एक आणि दिलं दुसरं. उत्तर आलंय की ही मशीनं त्याने विकलेलीच नाहीत. ट्रकमधून उतरवतानाचे प्लेटसकट फोटो आणि डेमोचा व्हिडिओ आम्ही वकिलांकडे दिला आहे.