पोर्तुगालमध्ये भाड्याची गाडी घेताय? १९ युरोंचे ४०० असे होतात

लिस्बनहून सकाळी निघायचं, एव्होराचं रोमन मंदिर आणि हाडांचं चॅपल बघायचं, दुपारी मोन्साराझच्या तटबंदीवरून आल्केव्हाचा जलाशय, मग एश्त्रेमोझ करून रात्री परत. पोर्तुगालच्या दक्षिणेकडच्या आलेन्तेजू प्रांताची ही फेरी एका दिवसात करायची तर गाडी लागतेच. ओळखीतल्या एका कुटुंबाने ऑनलाइन १९ युरोंत गाडी ठरवली आणि शेवटी ४०० युरोंच्या घरात पैसे गेले. घाटात किंवा हायवेवर काहीच घडलं नाही. सगळं घडलं ते काउंटरवर.

पहिला फास डिपॉझिटचा. आपल्याकडचे बरेच जण फॉरेक्स कार्ड घेऊन जातात, पण ते प्रीपेड असल्यामुळे डिपॉझिटसाठी सहसा चालत नाही. मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं आणि त्यावर हजार-दीड हजार युरो सहज ब्लॉक होतात. तेवढी मर्यादा नसेल, की "मग आमचा विमा घ्या" सुरू होतं. बुकिंग साइटवर आधीच घेतलेलं 'फुल कव्हर' इथे दाखवून उपयोग नसतो; त्यात पैसे आधी आपण भरायचे आणि मागाहून साइटकडे मागायचे असतात. मागे रांग, सोबत कंटाळलेली मुलं. या कुटुंबाने ३८ युरोंचा विमा घेतला. पण त्यात टायर, रिम, काच आणि गाडीचा तळ नव्हता.

आणि आलेन्तेजूत मार बसतो तो नेमका तिथेच. जुन्या गावांतल्या दगडी गल्ल्या अरुंद, कडेचे दगड उंच. वळताना रिम घासते. म्हणून गाडी गावाच्या तटबंदीबाहेरच लावा, मोन्साराझला तर दरवाज्याबाहेरच लावावी लागते. एव्होराजवळ आल्मेन्द्रेसची प्राचीन शिळावर्तुळं बघायला ग्वादालूपे गावापुढे कच्चा रस्ता आहे, आणि कच्च्या रस्त्यावर नेल्यास विमा लागू नाही, असं कलम अनेक करारांत असतं. सही करण्याआधी तेवढं एक कलम तरी वाचाच.

परतताना ऑफिस बंद होतं, किल्ली पेटीत टाकली. इथेच घात झाला. नंतर रिमच्या ओरखड्याचे २६० आणि वर 'प्रक्रिया शुल्क' ६० युरो कार्डावरून परस्पर कापले गेले. ओरखडा आधीचा होता की नाही, सिद्ध करायला हातात काहीच नव्हतं. गाडी घेताना चारही रिम जवळून, काच, बंपरखालची कड आणि टपाचा व्हिडिओ काढा. करारातल्या गाडीच्या आकृतीवर प्रत्येक ओरखड्याची खूण काउंटरवरच्या माणसाकडून करून घ्या; "लहान आहे, चालेल" हे तोंडी उत्तर ऐकून निघू नका. ऑफिस उघडं असतानाच परत करा, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा फोटो काढा, 'नवं नुकसान नाही' असं लिहून सही घ्या. टाकी जवळच्याच पंपावर भरून पावती ठेवा.

काचेवर टोल आपोआप कापणारी डबी असते, तिचं दिवसाचं भाडं वेगळं. ती नको असेल तर आधीच सांगा. मग ए-६ हायवेवर हिरव्या 'व्हिया व्हेर्द' लेनमध्ये शिरू नका, ती डबीवाल्या गाड्यांसाठी असते. तिकीट घ्या, बाहेर पडताना पैसे द्या. वास्को द गामा पुलाचा टोल फक्त लिस्बनकडे येतानाच लागतो. ए-२२, ए-२३ या हायवेंचा टोल १ जानेवारी २०२५ पासून रद्द आहे. त्यानंतरच्या प्रवासाचा तो बिलात दिसला तर हिशेब मागा.

पैसे देताना कार्डाच्या मशीनवर रुपये दिसले तरी युरोच निवडा, रुपयांचा दर कायम महाग पडतो.  

वाद झालाच तर 'लिव्ह्रु द रेक्लामासोंइश' ही तक्रारवही मागा. ती ठेवणं सक्तीचं आहे, नाकारली तर पोलिसांना बोलावता येतं, आणि तक्रारीची प्रत तिथल्या तिथे मिळते. ती प्रत, करार, व्हिडिओ आणि पंपाची पावती जोडून आपल्या बँकेकडे लगेच डिस्प्यूट, म्हणजे कापलेल्या रकमेवर हरकत, टाका; उशीर केला तर मुदत निघून जाते.